अमेरिकेचं सरकार ‘बंद’ पडतं म्हणजे नेमकं काय होतं? शटडाऊन, कर्जमर्यादा आणि पेन्शनचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर एक-दोन वर्षांनी बातमी येते की अमेरिकेचं सरकार बंद पडलं, किंवा अमेरिका कर्ज बुडवणार. मग तिकडे मुलं असलेल्या आईवडिलांपासून इकडे दरमहा एसआयपी भरणाऱ्यांपर्यंत सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. मात्र शेजारी ‘समाजकल्याण परवडतच नाही’ असं ठासून सांगणारे कोणी काका असतील, तर पेन्शनचा भाग आधी वाचा.

शटडाऊन आणि कर्जमर्यादा या एकाच गोष्टी आहेत ना?

नाहीत, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. शटडाऊन हा खर्चाच्या मंजुरीचा प्रश्न आहे. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाची बारा विधेयकं मंजूर केली नाहीत आणि तात्पुरती मुदतवाढही दिली नाही, तर त्या त्या खात्यांना पैसे खर्च करायचा अधिकार उरत नाही. तिजोरीत पैसे असतात, पण काढता येत नाहीत. सगळी विधेयकं वेळेत मंजूर होण्याचा योग शेवटचा आला तो १९९७ च्या आर्थिक वर्षासाठी. तेव्हापासून कारभार मुदतवाढींवर चालला आहे.

कर्जमर्यादेत याच्या उलट असतं. खर्च मंजूर झालेला असतो, करही ठरलेले असतात, मधली तूट भरायला कर्ज काढायचं असतं आणि कायद्याने घातलेली कर्जाची कमाल रक्कम आडवी येते. शटडाऊनचा त्रास मुख्यतः अमेरिकेतल्या माणसांना होतो. कर्जमर्यादा खरोखरच मोडली तर त्रास साऱ्या जगाला होईल.

सरकार बंद पाडायची ही पद्धत आली कुठून? राज्यघटनेत आहे का?

मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, एवढंच घटनेत आहे. १८८४ च्या एका कायद्याने खात्यांना मंजुरीबाहेर खर्च करायला आणखी बंदी घातली. पण १९८० पर्यंत मंजुरीला उशीर झाला तरी कचेऱ्या उघड्या असत. पैसे मागाहून मिळतीलच, असं सगळे गृहीत धरत. १९८० मध्ये कार्टर सरकारचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी लेखी मत दिलं की तसं करणं बेकायदा आहे, मंजुरी नसेल तर काम थांबवलंच पाहिजे. पुढच्या वर्षी त्यांनी जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामं त्यातून वगळली. एका कायदेशीर सल्ल्यातून निघालेली ही प्रथा आता अमेरिकी राजकारणातलं नेहमीचं हत्यार झाली आहे.

बंदमध्ये नक्की काय बंद होतं?

सैन्य, सीमा सुरक्षा, विमानतळावरची तपासणी आणि विमान वाहतूक नियंत्रण चालू राहतं, पण तिथले कर्मचारी बिनपगारी राबतात. बाकीच्यांना सक्तीच्या रजेवर पाठवतात. २०१९ च्या कायद्यामुळे दोघांनाही थकलेला पगार मागाहून मिळायला हवा. सरकारी इमारतींत झाडलोट करणाऱ्या आणि पहारा देणाऱ्या कंत्राटी कामगारांना मात्र हे संरक्षण नाही. त्यांची मजुरी बुडते ती बुडतेच, आणि बातम्यांत हा माणूस फारसा दिसत नाही.

निवृत्तांची पेन्शन आणि मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याची देणी थांबत नाहीत, कारण त्यांना दरवर्षी मंजुरी लागत नाही. टपाल खातं स्वतःच्या कमाईवर चालतं. राष्ट्रीय उद्यानांचं दरवेळी वेगळं असतं. २०१३ मध्ये स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बंद झाला आणि पर्यटक परत जायला लागले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याने पदरचे पैसे भरून तो उघडायला लावला.

एक परिणाम उशिरा लक्षात येतो. आकडेवारी गोळा करणारेही रजेवर जातात. २०२५ च्या बंदमुळे त्या ऑक्टोबरचा बेरोजगारीचा दर निघालाच नाही आणि महागाईचा मासिक निर्देशांकही प्रसिद्ध झाला नाही. व्याजदर ठरवणारी फेडरल रिझर्व्ह आणि सरकारी कर्जरोख्यांत पैसा घालणारे गुंतवणूकदार हे दोघेही ज्या आकड्यांवर चालतात, तेच गायब झाले.

मुलगी तिकडे एच-वन-बीवर आहे. व्हिसा अडकेल का?

नागरिकत्व आणि स्थलांतर खातं मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते बंद पडत नाही. मुंबईच्या वकिलातीतलं व्हिसाचं कामही बहुतांशी फीवरच चालतं. अडतं ते कामगार खात्याकडे. एच-वन-बीच्या अर्जाआधी त्या खात्याकडून वेतनाबाबतचा दाखला लागतो, आणि ग्रीन कार्डासाठीचं ‘पर्म’ प्रमाणपत्रही तेच देतं. त्या खात्याचा निधी थांबला की दोन्ही थांबतात. नोकरी बदलायच्या बेतात असलेल्याला याचा फटका बसतो. आहे तिथे काम करणाऱ्याला सहसा काही जाणवत नाही.

म्हणून बातमीत ‘सरकार बंद’ असं वाचून घाबरू नका. कोणत्या खात्याचं विधेयक अडलंय ते बघा. २०१८-१९ चा बंद ३५ दिवस चालला, पण कामगार खात्याचा निधी आधीच मंजूर झाला होता, त्यामुळे ही कामं तेव्हा सुरळीत होती.

बंद पाडून कोणाला काही मिळालंय का?

इतिहास बघता फारसं कोणाला नाही.

१९९५-९६ च्या हिवाळ्यात सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या रिपब्लिकन पक्षाने मेडिकेअरसह खर्चाला कात्री लावायचा आग्रह धरला. क्लिंटन यांनी नकार दिला. आधी पाच दिवस आणि मग २१ दिवस सरकार बंद राहिलं. लोकांचा राग गिंग्रिच यांच्यावर निघाला आणि १९९६ ला क्लिंटन पुन्हा निवडून आले.

२०१३ च्या ऑक्टोबरात ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा निधी तोडायचा म्हणून १६ दिवस बंद झाला. तो कायदा होता तसाच राहिला.

२०१८ च्या डिसेंबरात ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. आठ लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. शेवटी विमान वाहतूक नियंत्रक कमी पडू लागले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर विमानं खोळंबली आणि त्याच दिवशी तडजोड झाली. भिंतीसाठी मिळाले १.३७५ अब्ज. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला तेव्हा अर्थव्यवस्थेचं ११ अब्ज डॉलरचं उत्पादन हुकलं होतं, आणि त्यातले तीन अब्ज कायमचे गेले होते. मागितले त्याच्या जवळपास दुप्पट रकमेचं उत्पादन भांडणात हुकलं.

२०२५ मध्ये भूमिका बदलल्या. आरोग्यविम्याची वाढीव सवलत संपत होती, ती चालू ठेवावी म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने सिनेटमध्ये विधेयक अडवलं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, तोवरचा सर्वांत लांब बंद. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना मिळणारी अन्नसाहाय्याची रक्कम नोव्हेंबरात लटकली आणि मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. हाती आलं मतदान घेण्याचं आश्वासन. डिसेंबरात मतदान झालं, प्रस्ताव पडला, आणि वर्षअखेरीला सवलत संपली.

कर्जमर्यादा म्हणजे नक्की काय?

महिनाभर वाण्याकडून उधारीवर सामान आणायचं, ते खाऊन संपवायचं, आणि वही चुकती करायची वेळ आली की घरात भांडायचं : वाढीव उधारी घ्यायची की नाही? खर्च कमी करायचा तर तो सामान आणताना करायचा. अमेरिकेत तो निर्णय अर्थसंकल्पात होऊन गेलेला असतो.

हिची सुरुवात मात्र सोयीसाठी झाली होती. पहिल्या महायुद्धाआधी प्रत्येक कर्जाला संसदेची वेगळी मंजुरी लागे. युद्ध म्हटल्यावर ते जमेना, म्हणून १९१७ च्या कायद्याने सरकारला एका मर्यादेच्या आत कर्ज उभारायची मोकळीक दिली. १९३९ मध्ये एकूण कर्जावर एकच मर्यादा आली, ४५ अब्ज डॉलर. १९६० पासून ती सत्तरहून अधिक वेळा वाढवली, लांबवली किंवा बदलली गेली, आणि यातली बहुतेक वाढ रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांच्या काळात झाली. विरोधात असताना कर्जाची चिंता वाटणं ही तिथल्या दोन्ही पक्षांची जुनी खोड आहे.

प्रगत देशांपैकी डेन्मार्कमध्येही अशी मर्यादा आहे. तिथे ती मुद्दाम इतकी वर ठेवतात की कधी आडवीच येत नाही.

मर्यादा गाठली तरी अमेरिका लगेच दिवाळखोर का होत नाही?

अर्थखातं हिशेबाच्या खटपटी करून वेळ काढतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीत होणारी रोख्यांची गुंतवणूक तात्पुरती थांबवायची, तेवढी जागा मोकळी होते, मागाहून व्याजासकट भरपाई करायची. यावर काही महिने निघतात. हे मार्ग संपून रोकड आटण्याची जी अंदाजे तारीख असते, तिला बाजारात ‘एक्स-डेट’ म्हणतात. २०२३ मध्ये ती ५ जून होती. बायडेन यांनी ३ जूनला तोडग्यावर सही केली. मधल्या आठवड्यांत जूनच्या सुरुवातीला मुदत संपणारी काही अल्पमुदतीची सरकारी हुंडी सहा टक्क्यांच्याही वरच्या परताव्यावर विकली गेली. दोन-चार आठवडे पुढची मुदत असलेली हुंडी त्याहून स्वस्त व्याजावर जात होती. सरकार तेच, हमी तीच, फरक फक्त तारखेचा.

आजवर कधी हप्ता चुकलाय का?

राजकारणामुळे नाही. १९७९ च्या वसंतात मर्यादेचा वाद अगदी शेवटच्या क्षणी मिटला, त्यात छोट्या गुंतवणूकदारांची गर्दी झाली आणि कागदपत्रं तयार करणारी यंत्रं बिघडली. काहींचे पैसे उशिरा मिळाले. सरकारने ती तांत्रिक अडचण म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. तरी उशीर झालाच होता.

लाख कोटी डॉलरचं प्लॅटिनमचं नाणं पाडून कर्ज फेडायची गोष्ट खरी की थट्टा?

कायद्यातली फट खरी आहे. प्लॅटिनमच्या नाण्यावर किती दर्शनी किंमत घालावी, हे अर्थमंत्र्यांवर सोपवलेलं आहे. पण कुठल्याही सरकारने ते केलेलं नाही, आणि करू धजेल असं वाटत नाही.

२०११ मध्ये अमेरिकेचं मानांकन घसरलं, तेव्हा तिचेच रोखे महाग कसे झाले?

हा प्रश्न समजला की बाजारजोखमीचं अर्धं कोडं सुटतं.

२०११ च्या उन्हाळ्यात ओबामा आणि सभापती जॉन बेनर यांच्यात ताणाताण चालली. २ ऑगस्टला, अगदी कड्यावर, तडजोड झाली. तीनच दिवसांनी, कर्ज घेणाऱ्याची पत किती याचं मानांकन करणाऱ्या स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं ‘ट्रिपल ए’ हे सर्वोच्च मानांकन एका पायरीने खाली आणलं. त्यांच्या आकडेमोडीत दोन लाख कोटी डॉलरची चूक आहे, हे अर्थखात्याने दाखवून दिलं. संस्थेने आकडा सुधारला आणि निर्णय तोच ठेवला, कारण खरा आक्षेप आकड्यावर नव्हता, तडजोड करण्याची राजकीय कुवतच उरली नाही यावर होता.

सोमवारी, ८ ऑगस्टला, शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक साडेसहा टक्क्यांहून अधिक कोसळला. घाबरलेला पैसा गेला कुठे? ज्यांचं मानांकन घटलं होतं त्याच अमेरिकी रोख्यांत. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा जुलैअखेर २.८ टक्क्यांच्या घरात होता, तो दोन आठवड्यांत २.२ च्या खाली आला. रोख्याला मागणी वाढली की किंमत वाढते आणि परतावा उतरतो. म्हणजे मानांकन घसरल्यावर अमेरिकेला कर्ज स्वस्त मिळू लागलं.

याचं कारण पर्याय नाही. एवढा मोठा, केव्हाही विकता येणारा सरकारी रोख्यांचा बाजार दुसरीकडे नाही, आणि त्याच वेळी इटली-स्पेनचे रोखे युरोपच्या संकटात होरपळत होते. तरी भांडण फुकट झालं नाही. मर्यादा वाढवायला उशीर लावल्यामुळे त्या एका वर्षात सरकारचा व्याजखर्च सुमारे १.३ अब्ज डॉलरने वाढला, असा अंदाज अमेरिकेच्या महालेखापाल कार्यालयाने काढला.

पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये फिचने आणि २०२५ च्या मे महिन्यात मूडीजनेही मानांकन उतरवलं. आज तीनपैकी एकाही मोठ्या संस्थेकडे अमेरिका पहिल्या दर्जाची नाही. बाजाराला त्याचं दोन दिवसांपलीकडे सुतक नव्हतं.

मग बाजार खरोखर कधी घाबरतो?

नाटकाला तो सरावतो. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये अमेरिकी शेअर चक्क वाढले. तो घाबरतो ते हिशेबाला, आणि तेही हिशेब मांडणाऱ्यावरचा भरवसा गेला की.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार हे सांगितलं नाही आणि स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाजही सोबत जोडला नाही. तिथे संसदेत कसलीच कोंडी नव्हती. सरकारकडे भक्कम बहुमत होतं. तरी पौंड डॉलरच्या तुलनेत विक्रमी नीचांकाला गेला आणि तीस वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा काही दिवसांत पाच टक्क्यांवर उसळला. खासगी पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून व्यवहार केले होते. किंमत पडताच त्यांना जादा तारण भरावं लागलं, त्यासाठी रोखे विकावे लागले, त्याने किंमत आणखी पडली. बँक ऑफ इंग्लंडला २८ तारखेला मध्ये पडून रोखे विकत घ्यावे लागले. पंतप्रधानांनी २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला.

आणि हा धसका समाजकल्याणावरच्या खर्चाने बसलेला नव्हता. करकपातीने बसला होता. बाजाराला तुमची विचारसरणी कळत नाही. जमा आणि खर्च कळतात.

अमेरिकेत जे भांडण होतं, ते नक्की किती पैशांवर?

मला विचाराल तर या सगळ्या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे.

२०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारचा खर्च होता सुमारे ६.८ लाख कोटी डॉलर. जमा ४.९ लाख कोटी. तूट १.८ लाख कोटींच्या आसपास. दरवर्षी संसदेच्या मंजुरीला जाणारा, म्हणजे शटडाऊनमध्ये पणाला लागणारा खर्च किती? तोही सुमारे १.८ लाख कोटी, आणि त्यातला जवळपास निम्मा संरक्षणाचा.

म्हणजे सैन्य, विमानतळ, उद्यानं, शास्त्रीय संशोधन, न्यायखातं, हे सगळं वर्षभर कुलूप लावून ठेवलं तर कुठे त्या वर्षाची तूट भरून निघेल. उरलेला पैसा जातो निवृत्तांची पेन्शन, वृद्धांचा आणि गरिबांचा दवाखाना आणि व्याज यांत. पेन्शनवर सुमारे दीड लाख कोटी. व्याजावर ८८० अब्जांच्या आसपास, जे त्या वर्षी संरक्षणखर्चाच्याही वर गेलं. हा खर्च दरवर्षी मतदानाला येत नाही; कायद्याने आपोआप होतो.

तेव्हा ‘खर्चावर लगाम’ म्हणून जी भांडणं टीव्हीवर रंगतात, ती एका चतुर्थांश खर्चाभोवती. तीन चतुर्थांशाला कोणी हात लावत नाही, कारण तिकडे म्हातारे मतदार आहेत. आणि कराच्या बाजूलाही कोणी बघत नाही, कारण तिकडे सगळेच मतदार आहेत. २०२५ च्या ४ जुलैला कर्जमर्यादा पाच लाख कोटी डॉलरने वाढवली गेली, ती ज्या कायद्यात होती त्यातच मोठी करकपातही होती.

सोशल सिक्युरिटी बुडणार, असं वीस वर्षं ऐकतोय. खरं काय?

‘बुडणार’ हा शब्द चुकीचा आहे. १९३५ ला रूझवेल्ट यांनी सुरू केलेली ही योजना मुख्यतः आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पैसे देते. पगाराच्या १२.४ टक्के, निम्मे कामगाराचे आणि निम्मे मालकाचे, एका पगारमर्यादेपर्यंत. १९६० मध्ये एका निवृत्तामागे पाच कमावते होते. आता तीनहून कमी आहेत. पूर्वीची शिल्लक एका निधीत साठली आहे आणि आता ती वापरली जातेय. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार वृद्धापकाळाचा हा निधी २०३३ मध्ये संपेल. पण वर्गणी येतच राहील, आणि तेवढ्यातून ठरलेल्या पेन्शनच्या सुमारे ७७ टक्के देता येतील.

म्हणजे काहीच केलं नाही तर एका दिवशी सगळ्यांची पेन्शन जवळपास चौथ्या हिश्शाने घटेल. असा प्रसंग १९८३ मध्येही तोंडावर आला होता. तेव्हा रेगन आणि सभापती टिप ओनील यांच्या दोन पक्षांनी मिळून वर्गणीची वाढ आधी आणली, पेन्शनच्या काही भागावर कर लावला आणि निवृत्तीचं वय हळूहळू ६७ पर्यंत न्यायचं ठरवलं. उपाय आजही तेच आहेत आणि गणित अवघड नाही. सही कोणी करायची, एवढाच प्रश्न आहे.

एच-वन-बीवर काही वर्षं काम करून परत आलो, तर तिथे भरलेली वर्गणी बुडते का?

बऱ्याच जणांची बुडते. पेन्शनचा हक्क मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत; अमेरिकेशी नाही. त्यामुळे सहा वर्षं काम करून पुण्याला परतणाऱ्याचे पगाराचे ६.२ टक्के, आणि मालकाचे तेवढेच, तिथल्या आजी-आजोबांच्या पेन्शनला जातात. अमेरिकेचं कल्याणकारी राज्य परवडण्यामागे असा काही वाटा आपल्याही मुलांचा आहे, आणि तो कुठल्या भाषणात ऐकू येत नाही. विद्यार्थी व्हिसावरच्यांना पहिली पाच वर्षं ही वर्गणी सहसा लागत नाही.

म्हणजे कल्याणकारी राज्य परवडत नाही, असंच ना?

तसं असतं तर सर्वांत आधी डेन्मार्क भिकेला लागला असता. तिथे कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४५ टक्के, वस्तूंवरचा कर सरसकट २५ टक्के, आणि सरकारी कर्ज उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के. अमेरिकेत सगळे कर मिळून सुमारे २५ टक्के, आणि एकूण कर्ज १२० टक्क्यांच्या घरात. डॅनिश माणूस सोयी जास्त घेतो, पण बिल भरतो, आणि ते फक्त श्रीमंतांवर ढकलत नाही. निवृत्तीचं वय तिथे आयुर्मानाला बांधलेलं आहे. २०४० पासून ते ७० करायचं २०२५ मध्ये संसदेत ठरलं. लोक खूश झाले असं नाही, पण ठरलं.

स्वीडनने हे धडे ठेच लागून घेतले. १९९२ मध्ये चलन वाचवायला त्यांच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर काही दिवस ५०० टक्क्यांवर नेला होता आणि पुढच्या वर्षी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर गेली. त्यानंतर त्यांनी पेन्शनची रचनाच बदलली : निधी कमी पडला की पेन्शन आपोआप आक्रसते, मंत्रिमंडळाला विचारावं लागत नाही. २०१० आणि २०११ मध्ये तसं झालंही.

उलट टोकाला फ्रान्स. तिथेही कर डेन्मार्कइतकेच भारी, तरी २०२४ ची तूट ५.८ टक्के. पेन्शनवरच राष्ट्रीय उत्पन्नाचे सुमारे १४ टक्के जातात. मॅक्राँ यांनी २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचा कायदा रस्त्यावरचा विरोध झुगारून रेटला. मग अर्थसंकल्पावरून डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान बार्निए यांचं सरकार पडलं, सप्टेंबर २०२५ मध्ये ४४ अब्ज युरोंची काटकसर मांडणारं बायरू यांचं पडलं, आणि त्यानंतरच्या लकोर्न्यू यांनी पेन्शनसुधारणा स्थगित करून खुर्ची टिकवली. त्या सुमाराला फ्रान्सला दहा वर्षांच्या कर्जावर ग्रीसपेक्षा जास्त व्याज मोजावं लागत होतं. ग्रीसपेक्षा! मात्र तिथे अर्थसंकल्प अडला तरी कचेऱ्या बंद होत नाहीत. विशेष कायदा करून आधीच्या वर्षाचाच खर्च पुढे चालू ठेवतात.

तेव्हा ‘परवडतं का’ याचं उत्तर खर्चाच्या आकारात सापडत नाही. वय वाढलं, जन्म घटले, की वर्गणी, पेन्शन आणि निवृत्तीचं वय या तिघांपैकी काहीतरी हलवावं लागतं. ज्या देशांनी ते हलवायची रीत आधीच ठरवून ठेवली, ते निभावतात.

भारतात असा बंद होऊ शकतो का?

केंद्रात जवळजवळ नाही. लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची मुदत ठरलेली असते, म्हणून दोन्ही बाजू खुर्ची न गमावता महिनोन्महिने अडून बसू शकतात. आपल्याकडे राज्यसभा अर्थविधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही, आणि वेळ कमी पडला तर लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी, आहेच. राज्यांत मात्र गोंधळ झालेला आहे : २०१६ मध्ये उत्तराखंडात विनियोजन विधेयक मंजूर झालं की पडलं यावरच वाद पेटला आणि राष्ट्रपती राजवट लागली.

कर्जमर्यादेसारखं काही आपल्याकडे असेल, तर ते राज्यांना लागू आहे. केंद्राचं देणं बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला घटनेच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राची संमती लागते. केरळ यावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये हा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला गेला.

मग लाडकी बहीण परवडते का?

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी धरले होते आणि महसुली तूट सुमारे ४६ हजार कोटी दाखवली होती. राज्याचं कर्ज ९.३ लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता, पण राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत ते अनेक राज्यांपेक्षा कमीच आहे. म्हणजे राज्य बुडत नाही. पण महसुली तूट असताना ही रक्कम दिली जाते, तेव्हा तिचा काही भाग कर्जातून येतो हे सरळ आहे. निवडणुकीत १५०० चे २१०० करू म्हणणाऱ्यांनी कोणता कर वाढवणार किंवा कोणतं काम थांबवणार हे सांगितलं नव्हतं. बायकांना पैसे द्यावेत की नाही हा वाद मला गैरलागू वाटतो. जमेची बाजू मांडा, एवढीच अपेक्षा आहे. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि डॉलरसारखी सोयही नाही.

माझी एसआयपी थांबवू का? सोनं घेऊ का?

शटडाऊनच्या बातमीवरून तर मुळीच थांबवू नका. २०११ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सोनं औंसाला १९०० डॉलरच्या वर गेलं, आणि त्या भावाने डॉलर मोजून घेतलेल्यांना पुढे कित्येक वर्षं वाट बघावी लागली. २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे गेला होता, पण तो ऑगस्टमध्ये, फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी कमी करायचे संकेत दिल्यामुळे. ऑक्टोबरातल्या १६ दिवसांच्या बंदने तसं काही केलं नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे आणि इतर भारतीय संस्थांकडे मिळून सुमारे २०० अब्ज डॉलरचे अमेरिकी रोखे आहेत, तेव्हा खरा हप्ता चुकला तर झळ इथेही लागेल. पण त्या दिवशी तुमच्या फंडाचं काय होईल, ही चिंता बरीच मागे पडलेली असेल.

पुढे कोणत्या तारखांवर लक्ष ठेवायचं?

दरवर्षी ३० सप्टेंबर, कारण खर्चाची मंजुरी त्या रात्री संपते. तात्पुरती मुदतवाढ दिली असेल तर तिची तारीख. कर्जमर्यादा आता ४१.१ लाख कोटी डॉलर आहे. कर्ज २०२५ च्या ऑक्टोबरातच ३८ लाख कोटी ओलांडून गेलं, तेव्हा याच वेगाने २०२७ च्या आसपास तो वाद पुन्हा उभा राहील. आणि २०३३. त्या वर्षाआधी सिनेटच्या ज्या निवडणुका होतील, त्यांतल्या उमेदवारांना पेन्शनबद्दल कोणी सरळ प्रश्न विचारतंय का ते बघा. २०२६ मध्ये निवडून येणाऱ्या सिनेटरांची मुदत २०३३ च्या जानेवारीपर्यंत आहे.